एका पासावर दोघी

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
चोंबडीचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींचा गुडघा आता वाकतो हे वाचून बरं वाटलं. वाकतो म्हणून लगेच माळ्यावर चढू नका, असं त्यांना माझ्या वतीनं बजाव. औषधाचं दुकान विकून चार वर्षं झाली तरी ते दर रविवारी घरातल्या बाटल्या तारखेप्रमाणे लावून ठेवतात, हे वाचून मी एकटीच हसले. मी तरी कुठे वेगळी आहे! छापखाना सोडून पाच वर्षं झाली, पण सामान बांधून आलेल्या कागदाचंही प्रूफ तपासल्याशिवाय मला तो टाकवत नाही.

आता माझी बातमी. आपल्या त्या जुन्या थिएटरात दर बुधवारी दुपारी तीनला एक फिल्म क्लब सिनेमे दाखवतो. मी वर्गणी भरून सभासद झाले आहे. आम्ही पंधरा-सोळा जण असतो, त्यातल्या दोघांचेच केस काळे आहेत आणि त्यातल्या एकाचे रंगवलेले.

पहिल्या बुधवारी दीपगृहावर एकटा राहणाऱ्या म्हाताऱ्याची फिल्म होती. दीड तासात एकूण सहा वाक्यं. माझ्या शेजारचे गृहस्थ चक्क घोरत होते. मला मात्र फार आवडली. तो म्हातारा एक कप विसळतो, पुसतो आणि पालथा घालतो, एवढंच तीन मिनिटं दाखवलं आहे. एकट्या माणसाच्या घरात कप विसळणं हे केवढं काम असतं, ते त्या दिग्दर्शकाला ठाऊक असणार. दुसऱ्या बुधवारी एका न्यायाधीशाची तीन तासांची फिल्म. सगळे एकमेकांना तत्त्वं ऐकवतात आणि नायिका रडते, तीही दर वेळी डाव्याच डोळ्यानं. उजवा बहुधा संपावर होता. तिसरी मात्र धमाल. लग्नाला निघालेला नवरदेव लिफ्टमध्ये अडकतो आणि बाहेर त्याच्या तीन जुन्या मैत्रिणी जमतात. विनोद तेच ते, पण मी इतकी हसले की पुढच्या बाईंनी वळून बघितलं. वाटलं, शेजारी तू असतीस तर चिमटा काढून मला गप्प केलं असतंस.

मग लक्षात आलं, आपण दोघींनी शेजारी बसून कधी सिनेमा बघितलाच नाही. एकदाही नाही. बाबा थिएटरची पोस्टरं रंगवायचे म्हणून दर शनिवारी तीनच्या खेळाचा एक पास मिळायचा. एकच. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ दोघींपैकी एक हवीच. मध्यंतरापर्यंत मी बघायची, मग धावत घरी येऊन पास तुझ्या हातात द्यायची आणि उरलेला अर्धा तू बघून यायचीस. दुसऱ्या दिवशी माझी वेणी घालता घालता तू मला शेवट सांगायचीस. शाळेतल्या सिस्टर विचारायच्या की शनिवारी काय केलंस, तर मी अर्धाच सिनेमा बघितला असं सांगायची. त्यांना वाटायचं, अर्धा म्हणजे पापही अर्धंच.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की पुढच्या महिन्यापासून क्लब आपल्या वेळचे सिनेमे दाखवणार आहे. यादीत आपल्या अर्ध्यांपैकी तीन आहेत! सत्तेचाळीस वर्षांनी मला मध्यंतरानंतरचं बघायला मिळणार. तू ये ना. भावोजींना गुडघ्यासकट घेऊन ये. येतेस तेव्हा तू दोन दिवस राहतेस आणि थिएटरचा रस्ता सोडून बाजारातून वळसा घालून जातेस, ते मला दिसतं बरं का. या वेळी वळसा नको.

लोभ आहेच, त्यात घट होऊ देऊ नकोस.
तुझी
चोंबडी

*

ता. २० जानेवारी

चि. चोंबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे खरोखरच मोठ्यानं, कारण आता उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि डावा कान ते सोयीप्रमाणे वापरतात. संपावर गेलेल्या डोळ्याला मात्र पोट धरून हसले. माळ्याचा निरोप नेमका ऐकू आला नाही.

तू सिनेमे बघतेस, घराबाहेर पडतेस, हे छान आहे. दीपगृहाच्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलेलं वाचून मला जरा कसंसंच झालं. एक कप विसळायचा कंटाळा आला की दोन विसळ. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना चहाला बोलाव.

यायचं म्हणशील तर ह्यांना सोडून मी कशी येऊ? गुडघा वाकतो, पण सरळ व्हायला कुरकुर करतो, आणि आंघोळीच्या वेळी कुणीतरी दाराबाहेर असावं लागतं. आणि खरं सांगू का, ते जुने सिनेमे तू बघूच नकोस. लहानपणी जे मोठं वाटलेलं असतं ते आता बघायला गेलं की अगदी चिमुकलं निघतं. नवे बघ, त्यांच्यावर हवी तेवढी टीका कर, मला लिही. मला तुझी मतं आवडतात. जुनं आहे तसं राहू दे.

सर्दी कशी आहे? वाफ घेतेस ना? पंखा पायाकडे लाव, डोक्यावर नको.

मायेत कमी नाही, हे तुला सांगायला नको.
तुझी
ताई

*

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सर्दी गेली. शिक्षिकाबाई चहाला आल्या होत्या. दोन तास बसल्या आणि त्यातला पाऊण तास सुनेवर बोलल्या. आता तुझा सल्ला मानायचा की नाही याचा मी विचार करते आहे.

आणि तुझा दुसरा सल्ला मी मानलेला नाही. आज पाववाल्या भावांची फिल्म बघितली. आठवते ना? बापाची भट्टी दोघा भावांकडे येते, धाकट्याला शहरात जायचं असतं, थोरल्याचा हात भाजतो, आणि तिथे मध्यंतर. तू मला सांगितलं होतंस की धाकटा अर्ध्या वाटेवरून परत येतो, पहाटे भट्टी पेटवतो, आणि थोरला त्याला म्हणतो की पीठ मळायला तुझेच हात बरे. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी निबंधात घातलं होतं.

ताई, असं काहीही होत नाही! धाकटा परत येतो हे खरं, पण भट्टीचे दोन भाग करून मागायला. शेवटी मधोमध भिंत बांधतात. थोरला गवंड्याला विटा उचलून देतो आणि सिनेमा संपतो. तो थोरल्याचं काम करणारा नट काय आहे म्हणून सांगू! वीट देताना प्रत्येक वेळी ती हाताने पुसून देतो. मी रडले. दोन्ही डोळ्यांनी.

पण मला सांग, ते पीठ मळायचं वाक्य आलं कुठून? मला शेवट गोड लागावा म्हणून तू घरी येता येता रचलंस ना? एवढी साळसूद आमची ताई, आणि सत्तेचाळीस वर्षं माझ्या डोक्यात बनावट शेवट ठेवून बसली! राग नाही बरं. गंमत वाटली. जरा हुरहुरही लागली, की मी इतकी वर्षं मनात जपलेला तो सिनेमा कुणी कधी काढलाच नव्हता.

पुढच्या बुधवारी हॉलमध्ये कुणाची तरी सभा आहे म्हणून खेळ दोन दिवस आधी, सोमवारी आहे. आणि तो आहे आगबोटीचा सिनेमा. माझा सगळ्यात लाडका. तो तरी खरा सांगितला होतास ना?

वाट बघते. लोभ धरावा, खोटं सांगून का होईना.
तुझी
चोंबडी

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. चोंबडीस,
अ. उ. आ.

घाईत कार्ड लिहिते आहे. आगबोटीचा सिनेमा बघायला जाऊ नकोस. माझं ऐक. मी सविस्तर पत्र लिहिते, ते वाच आणि मग हवं तर बघ. एवढं एक ऐक.

तुझी
ताई

*

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं कार्ड आज पोचलं. सिनेमा मी सोमवारीच बघितला.

मध्यंतरापर्यंत मला प्रत्येक दृश्य पाठ होतं. धक्क्यावर सामानाच्या पावत्या फाडणारी मुलगी, तिचा तो खलाशी, परत येईन म्हणून त्याने दिलेला शब्द, तिला मागणी घालणारा सज्जन शाळामास्तर आणि तिने त्याला दिलेला नकार. तू मला शेवट सांगितला होतास दोनच शब्दांत. तो आला. वेणी घालायची सोडून तू कंगवा हातात धरून बसली होतीस आणि तुझा चेहरा असा काही उजळला होता की मी पुढे विचारलंच नाही. तो आला, एवढंच मला पुरलं.

तो येतो, ताई. आगबोट लागते, तो शिडीवरून उतरतो, ती धावते. आणि त्याच्या मागून त्याची बायको उतरते, कडेवर मूल घेऊन. मुलगी थांबते. मग ती त्यांच्या सामानाची पावती फाडते आणि त्याच्या हातात देते. त्याला ती ओळखूही येत नाही.

मी दिवे लागल्यावरही बसून राहिले. क्लबचे चिटणीस येऊन विचारून गेले की बरं वाटत नाही का.

तुला आठवतं का, मी चोवीस वर्षांची असताना आपल्याकडे तो सर्वेअर वरचेवर यायचा, आणि धरणाच्या कामावर परदेशी गेला? दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. मधे चित्रकलेच्या मास्तरांनी बाबांकडे माझ्याबद्दल विचारलं होतं. किती चांगला माणूस होता. मी नाही म्हणाले. बाबांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की थांबणाऱ्याचं माणूस येतं. बाबांना वाटलं मी कुठे तरी वाचलं आहे. मी नऊ वर्षं थांबले. दर वेळी मन डळमळलं की डोळ्यांसमोर शिडीवरून उतरणारा खलाशी आणायची, जो मी कधी बघितलाच नव्हता.

पाववाल्यांचं मी हसण्यावारी नेलं. हे नेता येत नाही. मी सोळा वर्षांची होते आणि माझा तुझ्यावर देवासारखा विश्वास होता. मला खरं का सांगितलं नाहीस?

तुझी धाकटी बहीण

*

ता. १ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सोळा दिवसांत हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आज ह्यांना गुडघा दाखवायला डॉक्टरकडे नेलं आहे शेजाऱ्यांनी. घरात मी एकटी आहे, तेव्हा पाचव्यांदा बसले आहे.

मी तुला खोटं सांगितलं नाही. मला शेवट ठाऊकच नव्हते.

तू पहिल्यांदा मला पास आणून दिलास त्या शनिवारी मी थिएटरवर पोचले तोवर आतले दिवे गेले होते आणि दारावरच्या माणसाने मला सोडलं नाही. अर्धवट पासावर दुसरंच माणूस कसं, म्हणून हुज्जत घालत होता. तेव्हा सिनेमाचं मशीन चालवणारा जिन्यात उभा होता. मला घरी जायचं नव्हतं गं. आठवड्यातून सव्वा तास आईच्या खोलीबाहेर मिळायचा, तोही गेला म्हणून मी रडकुंडीला आले होते. त्याने मला वर बोलावलं. म्हणाला, इथून बघ, फुकट आहे आणि दारही अडवत नाही.

त्या खोलीत दोन मोठी मशीनं आणि भिंतीला वहीएवढी काच. एका मशीनवरचं रीळ वीस मिनिटांत संपायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकला की तो दुसरं मशीन सुरू करायचा. तो ठिपका खाली बसलेल्या कुणालाच दिसायचा नाही. मला दिसायला लागला. आवाज मात्र मशीनांच्या घरघरीत ऐकूच यायचा नाही. मी माणसांची नुसती तोंडं हलताना बघायची. ती काय म्हणत असतील ते आम्ही दोघं मिळून ठरवायचो, आणि त्या नादात शेवटाकडे बघायचंच राहायचं. पीठ मळायचं वाक्य त्याचं आहे. तुझ्या निबंधात ते आल्याचं मी त्याला सांगितलं तेव्हा आठवडाभर मिरवत होता.

पुढच्या शनिवारपासून मी दाराकडे गेलेच नाही. सरळ जिन्यानं वर. दीड वर्ष.

आगबोटीच्या शनिवारी शेवटचं रीळ सुरू झालं. बोट लागली. तो शिडीवर दिसला. आणि तेवढ्यात त्या मशीन चालवणाऱ्याने मला लग्नाचं विचारलं. मी काचेपासून वळले. नंतर पडद्यावर कोण उतरलं, कुणाच्या कडेवर काय होतं, मला काही माहीत नाही. तुला सांगितलं तेव्हा मी सिनेमाबद्दल बोलत नव्हते बहुधा. उजळलेला चेहरा तुझ्या लक्षात राहिला ना? तो त्याचा होता.

मी त्याला पुढच्या शनिवारी सांगते म्हणाले. गुरुवारी आई गेली. मग पास बंद झाला, बाबा एकदम म्हातारे झाले, आणि वर्षाच्या आत ह्यांचं स्थळ आलं. दुकान होतं, माणूस सरळ होता, आणि मी गेले की घरात तुझं कॉलेज निभेल असं बाबांनी दोनदा बोलून दाखवलं. मी त्या जिन्यानं परत कधी वर गेले नाही. हो म्हणायला नाही आणि नाही म्हणायलाही नाही. त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे, म्हणून मी बाजारातून वळसा घालते.

आणि तू थांबलीस. तू मास्तरांना नकार दिल्याचं बाबांचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की तू कशाच्या भरवशावर थांबली आहेस. मी धावत येऊन सांगायला हवं होतं की मी तो सिनेमा बघितलाच नाही. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. तुझी नऊ वर्षं माझ्यामुळे गेली. हे मी छत्तीस वर्षं उशाला घेऊन झोपते आहे.

रागव, तुझा हक्क आहे. फक्त एक करशील? तो अजून तिथेच असेल तर नुसतं बघून ये. बोलू नकोस, माझं नाव काढू नकोस. केस पिकले का, एवढं लिही.

तुझी
ताई

*

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. संध्याकाळी परत वाचलं. मग दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायले.

आधी माझ्या नऊ वर्षांचं. ती तुझ्याकडून मी परत घेते. मागच्या पत्रात रागात लिहिलं खरं, पण नंतर शांतपणे विचार केला. मी सर्वेअरसाठी थांबले कारण तो दारातून आत आला की मला बोलता यायचं नाही आणि मास्तर आले की मी छान बोलायची. एवढंच कारण होतं. सिनेमा नसता तर मी दुसरं काही तरी धरून थांबले असते, एखादी कविता, सिस्टरांचं एखादं वचन. ती वर्षं चुकीची असतील, पण माझी आहेत. त्यात दर दुपारी पोस्टमनची वाट बघताना मला जे वाटायचं, तसं मला पुढे कधीच वाटलं नाही. त्यावर तुझं नाव लावू नकोस. उशाला घ्यायला दुसरं काही बघ.

आता दुसरं. हे कसं लिहावं ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. तो नाही, ताई. अकरा वर्षं झाली.

मला हे माहीत आहे कारण त्याची निधनवार्ता माझ्या टेबलावरून गेली. संध्याकाळच्या प्रुफांत होती. जुन्या थिएटरात एकतीस वर्षं मशीन चालवणारे, वय एकसष्ट, मागे पत्नी आणि एक मुलगी. थिएटरचं नाव वाचून मी थबकले होते. तो चेहरा मला आठवत होता, जिन्यात विडी ओढत उभा असायचा तो. वाटलं, ताईला लिहावं की आपल्या थिएटरचा मशीनवाला गेला. मग दुसरं प्रूफ आलं आणि राहून गेलं.

आणखी एक आहे, ते लपवलं तर आपण दोघी सारख्याच होऊ. मजकूर एका ओळीनं जास्त होत होता. संपादकांनी कमी करायला सांगितलं. घरच्यांनी लिहिलं होतं की ते अतिशय अबोल आणि कामसू होते. मी अबोल शब्द काढला. कामसू ठेवला. माझ्या हाताने, लाल शाईने. तो तुझा कोण, हे मला माहीत असतं तर मी तो शब्द काढला नसता. ओळ वाढली असती तर वाढू दिली असती.

मशीनची खोली आता बंद आहे. सिनेमे छताला टांगलेल्या एका डब्यातून दाखवतात. काच आहे तशीच आहे. मी काल मुद्दाम वर बघितलं, मागे अंधार होता.

यादीतला शेवटचा आपला अर्धा येत्या २५ तारखेला आहे. सासूच्या घरातून पळणाऱ्या दोन जावांचा. तू आलीस तर बरं होईल एवढंच लिहिते. मला तुला काही सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. फक्त शेजारी कुणीतरी असावं असं वाटतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तूच.

तुझ्या लोभावर माझा हक्क पहिल्यासारखाच आहे.
तुझी
चोंबडी

*

ता. १७ मार्च

चि. चोंबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. वाचलं, घडी घातली आणि उरलेली भाजी निवडून संपवली. कणीक मळली. मग हे आले आणि म्हणाले की डाळीची फोडणी जळतेय. जळली होती. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसून जे रडले, ते त्यांना डाव्या कानानंही आणि उजव्याही कानानं ऐकू आलं.

मी सगळं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ते उठून जातील. ते समोर खुर्ची ओढून बसले, गुडघा सरळ करायला त्यांना वेळ लागला, आणि म्हणाले की कुणीतरी होतं हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत आहे. लग्नानंतर त्यांनी मला तीन वेळा सिनेमाला नेलं होतं. तिन्ही वेळा माझी मान मागे. पडदा सोडून मी मागच्या भिंतीतल्या उजेडाकडे बघत बसायची. तिसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं की हिला परत न्यायचं नाही. मी आजवर समजत होते की ह्यांना सिनेमाची आवड नाही. परवा कळलं की लग्नाआधी ते एकही सिनेमा सोडायचे नाहीत.

मग म्हणाले, जळकी डाळ काढून टाक, नुसत्या भाजीवर भागेल. तुझ्या शेवटच्या पत्राची घडी टेबलावर होती ती त्यांनी विचारून उघडली, चष्मा लावून सावकाश वाचली, आणि २५ तारखेला मी जावं असं ठरवून टाकलं. आंघोळीला शेजाऱ्यांचा थोरला दाराबाहेर थांबेल. मी म्हटलं, तुम्हाला एकटं सोडून कशी जाऊ. तर म्हणाले की घरी थांबायचं काम ते करतील, तुम्ही दोघी जा. एवढं बोलून बाटल्या लावायला गेले. रविवार नव्हता.

मी २४ ला दुपारच्या गाडीनं येते. स्टेशनवर येऊ नकोस, ऊन असतं. सरळ रस्त्यानं येईन. तिकिटं पुढच्या रांगेतली घे, मान दुखली तरी चालेल.

आणि तो शब्द काढलास त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अबोल कसला गं! एक रीळ लावलं की दुसरं लागेपर्यंत वीस मिनिटं त्याच्या तोंडाला खळ नसायची. आईच्या खोलीतल्या शांततेतून मी त्याच्यासाठीच तर धावत जायची. घरच्यांना तो अबोल वाटला, म्हणजे नंतर झाला असेल.

भेटीपर्यंत लोभ तुझ्याकडे ठेव.
तुझी
ताई